पहिली इलेक्ट्रिक गिटार : कोणती घ्यावी आणि शिकायला सुरुवात कुठून करावी?

उशिरा_सुचलेलं

बरेच दिवस नुसता वाचक होतो, आज धागा काढतोय. वय चाळिशीच्या पुढे. शाळेत पेटीवर अलंकार वाजवले, तेवढाच वाद्याशी संबंध. ऐकतो मात्र भरपूर, आणि ऐकताना कान कायम इलेक्ट्रिक गिटारकडेच जातो. ती ताणलेली, रडवेली सुरावट कशी निघते ते स्वतःच्या हाताने करून बघायचंय. स्टेजवर जायचं नाही, बँड काढायचा नाही.

अडचण अशी की ज्याला विचारावं तो वेगळंच सांगतो. एक म्हणतो आधी वर्षभर ॲकूस्टिक (बिनविजेची) वाजव, बोटं तयार होऊ देत. दुसरा म्हणतो फेंडरची स्ट्रॅट (स्ट्रॅटोकास्टर) घे, तिसरा म्हणतो गिब्सनच्या लेस पॉलशिवाय मजा नाही. व्हिडिओ बघायला बसलं की लाकूड, पिकअप, स्केल, ॲम्प... रात्र सरते, गिटार काही घरात येत नाही. घरची माणसं झोपल्यावर वाजवता आली पाहिजे ही एकच अट. आणि या वयात जमेल का, तेही सांगा. खोटा धीर नको.

तारकासुर

ते 'आधी ॲकूस्टिक' डोक्यातून काढून टाका. ही दोन वेगळी वाद्यं आहेत, एकाच्या पायरीवरून दुसऱ्यावर चढायचं नसतं. इलेक्ट्रिकवर पहिली तार बहुधा ०.००९ किंवा ०.०१० इंचाची असते, ॲकूस्टिकवर ०.०१२ च्या आसपास. शिवाय इलेक्ट्रिकच्या तारा फ्रेटच्या (मानेवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) जास्त जवळ असतात. त्यामुळे दाबायला कितीतरी सोपी. ज्याला ताणलेले सूर ऐकून गिटारची ओढ लागली आहे, त्याला वर्षभर जाड तारांवर स्ट्रमिंग करायला लावलं तर तो गिटारच सोडेल.

पण सोपी म्हणजे सगळ्याच बाबतीत सोपी नव्हे. ॲकूस्टिकवर सगळी मेहनत आवाज काढण्यात जाते, इलेक्ट्रिकवर ती आवाज थांबवण्यात जाते. ॲम्पवर (गिटारचा आवाज मोठा करणारं खोकं) थोडा गेन, म्हणजे सिग्नलचा जोर, वाढवा, मग जी तार वाजवायची नाही तीही बोलायला लागते. बोट उचललं तरी किणकिण, तळहात सरकला तरी खसखस. नको त्या तारा गप्प ठेवणं ही इलेक्ट्रिकची अर्धी विद्या आहे, आणि ती ॲकूस्टिकवर कुणी शिकवत नाही. हे आत्ताच सांगून ठेवतो, कारण गिटार निवडण्यापासून रियाजापर्यंत सगळं इथेच येऊन ठेपतं.

वयाचं म्हणाल तर बोटं चालतात. वेळ काढणं जड जातं.

शंकासुर

तारकासुर, अर्धंच पटलं. ॲकूस्टिकवरून आलेल्याची बोटं मजबूत असतात, तो इलेक्ट्रिकवर पहिल्या दिवसापासून धावतो. उलट कुणी करून दाखवा.

पाचवी_तार

शिकवते म्हणून सांगते, शंकासुर. ॲकूस्टिकवरून आलेले विद्यार्थी पहिले काही आठवडे बेसूर वाजवतात. सवयीने इतके जोरात दाबतात की बारीक तार फ्रेटवर वाकते आणि सूर चढतो. फ्रेट उंच असतील तर फारच. गिटार ट्यून केलेली, तरी कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) आंबट. त्यांना मला 'कमी दाबा' हेच शिकवावं लागतं. बोट दोन फ्रेटच्या मधोमध न ठेवता पुढच्या फ्रेटला जवळजवळ चिकटून ठेवलं तर किती थोडा जोर पुरतो, हे एकदा कळलं की हात सैल होतो.

ॲकूस्टिकचा एक फायदा मात्र मान्य. उचलली की वाजते. वायर नाही, बटण नाही. इलेक्ट्रिकवाल्यांनी यावर उपाय म्हणून गिटार खोक्यात न ठेवता स्टँडवर, डोळ्यांसमोर ठेवावी. खोक्यातल्या गिटारी फार कमी वाजवल्या जातात.

सोल्डर

पिकअपबद्दल लिहितो, तो माझा प्रांत. चुंबकाभोवती तांब्याच्या केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे म्हणजे पिकअप. वर स्टीलची तार थरथरली की चुंबकीय क्षेत्र हलतं, वेढ्यांमध्ये बारीकशी वीज तयार होते, तीच वायरमधून ॲम्पकडे जाते. म्हणूनच नायलॉनच्या तारा लावल्या तर इलेक्ट्रिक गिटार मुकी.

एकच वेटोळं असेल तर सिंगल कॉइल. आवाज स्वच्छ, टोकदार, काचेसारखा. गोम अशी की हे वेटोळं घरातल्या विजेचाही आवाज पकडतं, देशाप्रमाणे ५० किंवा ६० हर्ट्झची घूंऽऽ. गिब्सनच्या सेथ लव्हरने १९५५ मध्ये यावर तोडगा काढला. दोन वेटोळी शेजारी ठेवायची, एकाचे वेढे उलट आणि चुंबकही उलटा. तारेचा सिग्नल दोन्हीकडून बेरजेत येतो, घूं मात्र वजा होते. हाच हंबकर. १९५७ पासून तो लेस पॉलवर बसायला लागला. आवाज जाड, मऊ, गेन सहन करणारा.

आता धागाकर्त्यांनी 'ताणलेली, रडवेली' म्हटलंय. ते दोन्हीवर होतं, पण गेन वाढवून रात्री हेडफोनवर वाजवणार असाल तर सिंगल कॉइलची घूं कानात बसेल. मधला मार्ग आहे, एचएसएस : ब्रिजजवळ (बॉडीवर तारा टेकतात तो भाग) हंबकर, बाकी दोन सिंगल कॉइल. पहिल्या गिटारला मी डोळे मिटून हेच सुचवेन. आपल्याला कुठला आवाज आवडतो हे घेण्याआधी कळत नाही, वाजवता वाजवता कळतं.

वाचनमात्र

अवांतर : पाच जागांचा स्विच स्ट्रॅटवर पहिल्यापासून नव्हता ना?

सोल्डर

नाही. स्ट्रॅटोकास्टर आली १९५४ मध्ये, तेव्हा स्विचला तीनच जागा होत्या. वादक मंडळी काडी अडकवल्यासारखा स्विच दोन जागांच्या मध्ये टेकवून ठेवायची, कारण दोन पिकअप एकत्र वाजले की तो पोकळ, नाकातला आवाज यायचा. फेंडरने पाच जागांचा स्विच कारखान्यातून द्यायला सुरुवात केली १९७७ मध्ये. लोकांनी सुमारे दोन दशकं बोटाने धरून केलेली गोष्ट कंपनीने शेवटी अधिकृत केली. आजच्या बऱ्याच स्ट्रॅटमध्ये मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असतो, त्यामुळे त्या दोन मधल्या जागांवर घूंही जाते.

शंकासुर

आणि लाकूड? महोगनी, ॲल्डर, मेपल यावर कुणीच बोलत नाही. सगळा आवाज लाकडातून येतो असं ऐकत आलोय.

तारकासुर

झालं, आता हा धागा लाकडावर जाणार.

वाचनमात्र

जाऊ द्या की. बाजारात चाललेली पहिली इलेक्ट्रिक गिटार लाकडाची नव्हतीच मुळी. रिकेनबॅकरची 'फ्राइंग पॅन', १९३० च्या दशकाच्या सुरुवातीची, ओतीव ॲल्युमिनियमची. मांडीवर आडवी ठेवून हवाईयन पद्धतीने वाजवायची. १९६९ मध्ये डॅन आर्मस्ट्राँगने पारदर्शक ॲक्रिलिकची गिटार बनवली, ती रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सने वाजवली. क्वीन बँडच्या ब्रायन मे याने पोरवयात वडिलांबरोबर घरी गिटार बनवायला घेतली, तिच्या मानेचं लाकूड जुन्या शेकोटीच्या चौकटीचं. वाजवतो तो सहा पेनीच्या नाण्याने. यात 'सगळा आवाज लाकडातून' कुठे बसवायचा?

शंकासुर

'सगळा' शब्द मागे घेतो. पण फरक पडतो.

सोल्डर

पडत असेल. पण त्याआधी पिकअप, पिकअपची तारेपासूनची उंची, तारा, ॲम्पचा स्पीकर आणि तुमचा उजवा हात, एवढे सगळे रांगेत उभे आहेत. पिकअप स्क्रूने दोन मिलिमीटर खाली करा आणि ऐका, लाकडाचा वाद घालायची इच्छाच उरणार नाही. नवशिक्याने लाकडाबाबत एकच बघावं, वजन. मांडीवर तासभर पेलवेल का.

तारकासुर

चला, निवडीकडे येऊ.

स्क्वायर, एपिफोन, यामाहा पॅसिफिका, आयबानेझ जिओ. यातली कुठलीही चालेल. स्क्वायर ही फेंडरची आणि एपिफोन ही गिब्सनची स्वस्तातली शाखा. पॅसिफिका ११२ एचएसएस असते, वर सोल्डरनी म्हटलंय तशी. नावावर रात्री घालवू नका. पुढच्या दोन गोष्टींवर मात्र घालवा.

पहिली म्हणजे ब्रिज. हलता ब्रिज, त्यातही फ्लॉइड रोज पद्धतीचा, दोन्ही टोकांना कुलूप लावणारा, पहिल्या गिटारवर नको. दिसतो रुबाबदार. पण एक तार तुटली की बाकी पाचही बेसूर, कारण ब्रिज स्प्रिंगवर तरंगत असतो. तारा बदलायला षटकोनी किल्ल्या आणि अर्धी संध्याकाळ. वेगळ्या ट्यूनिंगला जायचं तर तीच कसरत पुन्हा. ज्याला अजून सूर लावायचा सराव नाही त्याने पक्का ब्रिज घ्यावा. किंवा स्ट्रॅटचा साधा हलता ब्रिज, मागच्या स्प्रिंग कसून बॉडीला टेकवलेला.

दुसरी म्हणजे स्केल, तारेची नट (मानेच्या टोकाची खाचांची पट्टी) ते ब्रिज लांबी. फेंडर पद्धतीत २५.५ इंच, गिब्सनमध्ये २४.७५. पाऊण इंच काय, असं वाटेल. पण त्याच सुराला, त्याच जाडीच्या तारेवरचा ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणजे छोट्या स्केलवर साधारण ६ टक्के कमी. तार ताणताना हे बोटाला कळतं. फ्रेटही जरा जवळ येतात. हात लहान असेल तर छोटं स्केल, नाहीतर मोठं घ्या आणि ०.००९ च्या तारा लावा. बारीक तारा म्हणजे कमीपणा, असं सांगणारे भेटतील. ब्लॅक सॅबथ बँडचा गिटारवादक टोनी आयोमी, त्याच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात तुटली. तो बारीक तारा लावून वाजवत राहिला, पुढे तारा सैलही केल्या, आणि त्याच हातांतून ब्लॅक सॅबथचा तो जड आवाज आला.

घेताना प्रत्येक तारेवर प्रत्येक फ्रेट एकदा वाजवून बघा, पहिल्यापासून शेवटपर्यंत. कंटाळवाणं आहे, लाजू नका. कुठे झणझणते का, कुठे सूर मरतो का. मानेच्या कडेवरून तळवा फिरवा, फ्रेटची टोकं टोचतात का. हवा कोरडी झाली की लाकूड आकसतं आणि ही टोकं बाहेर डोकावतात. नॉब फिरवून खरखर ऐका. बाराव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांतलं अंतर दीड ते दोन मिलिमीटर असावं. तीनच्या पुढे असेल तर सेटअप (तारांची उंची, मान वगैरे जुळवणं) करून घ्यायचा आग्रह धरा. साधी पण नीट सेटअप केलेली गिटार, न केलेल्या भारी गिटारपेक्षा नवशिक्याला जास्त शिकवते.

उशिरा_सुचलेलं

अरे बापरे, एवढे प्रतिसाद. सगळ्यांचे आभार. म्हणजे एचएसएस, पक्का ब्रिज, ०.००९ च्या तारा. ॲम्पचं काय? घरी जुनी म्युझिक सिस्टीम आहे, तिला जोडली तर?

सोल्डर

आवाज येईल. ऐकवणार नाही. कारणं दोन. पिकअपला समोर मोठा रोध लागतो, गिटारच्या इनपुटला तो सुमारे १ मेगाओहम ठेवतात. म्युझिक सिस्टीमचा लाइन-इन त्याच्या तुलनेत फारच कमी रोधाचा, तिथे वरचे सूर गिळले जातात आणि आवाज घोंगडी पांघरल्यासारखा येतो. दुसरं, गिटारचा स्पीकर ५ किलोहर्ट्झच्या वर फारसं काही वाजवत नाही. डिस्टॉर्शनमधला (गेन वाढवून फाटलेल्या आवाजातला) कर्कश भाग तोच कापतो. घरच्या सिस्टीमचा स्पीकर प्रामाणिकपणे सगळं वाजवतो, म्हणून डिस्टॉर्शन लावलं की माश्या घोंगावतात.

इलेक्ट्रिकमध्ये गिटार हे अर्धंच वाद्य, दुसरं अर्धं ॲम्प. सगळे पैसे गिटारवर घालून ॲम्पसाठी चिल्लर उरवू नका. तुमच्या अटीत दोन रस्ते बसतात. एक, छोटा मॉडेलिंग ॲम्प, ज्यात वेगवेगळ्या ॲम्पचे आवाज आत भरलेले असतात आणि हेडफोनचं भोक असतं. वॅटमागे धावू नका. वॅट दुप्पट केले तर फक्त ३ डेसिबल वाढतात, कानाला दुप्पट मोठं वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. घरात ५ वॅटही पूर्ण उघडता येत नाहीत. दुसरा रस्ता, ऑडिओ इंटरफेस (गिटार कॉम्प्युटरला जोडणारी डबी) आणि कॉम्प्युटरवर ॲम्पचं सॉफ्टवेअर. इंटरफेसला 'इन्स्ट्रुमेंट' किंवा 'हाय-झी' लिहिलेलं इनपुट असलंच पाहिजे. बफर (कॉम्प्युटर एका वेळी हाताळतो तेवढा आवाजाचा तुकडा) २५६ सॅम्पल आणि दर ४८ किलोहर्ट्झ असेल तर एका बाजूचा उशीर सुमारे ५.३ मिलिसेकंद, जाणं-येणं धरून चालवून घेण्यासारखा. तुम्ही दिवसभर कॉम्प्युटरसमोर बसत असाल तर मी पहिला रस्ता सांगेन. रात्री पुन्हा त्याच पडद्यापुढे बसलात की गिटारऐवजी सेटिंगच वाजवत बसाल.

हेडफोन वायरचे. ब्लूटूथचे साधे हेडफोन १०० मिलिसेकंदांच्याही पुढे उशीर करतात. पिक (तार छेडायची चकती) आत्ता मारला, सूर मागून चालत येतो.

आणि गिटारची वायर ती गिटारची वायर. स्पीकरची वायर दिसायला तशीच, टोकाला तोच ६.३५ मिलिमीटरचा जॅक. पण तिला बाहेरून जाळीचं कवच नसतं, ती रेडिओ पकडेल. उलट गिटारची वायर ॲम्पच्या स्पीकरला लावली तर तापते आणि ॲम्पला धोका.

जुनं_खोड

मी सतारीकडचा माणूस, इथे सहज डोकावलो. एक प्रश्न. रॉकवाले कायम दोनच सुरांच्या त्या 'पॉवर कॉर्ड' का वाजवतात? गंधार आणायला कुणी मनाई केली आहे का?

तारकासुर

खोडबाबा, मनाई तुमच्या तंबोऱ्याने केली आहे. :)

तंबोऱ्यातून जो स्वयंभू गंधार ऐकू येतो, तो षड्जाचा पाचवा स्वरांश. गिटारच्या फ्रेट समान स्वरांतराच्या, प्रत्येक सूर आधीच्याच्या १.०५९५ पट. त्या हिशेबात फ्रेटवरचा शुद्ध गंधार स्वयंभू गंधारापेक्षा १४ सेंट (एका फ्रेटच्या अंतराचे शंभर भाग केले तर त्यातले चौदा) चढा पडतो. पंचम मात्र जेमतेम २ सेंट चुकतो. साध्या आवाजात १४ सेंट खपून जातात. डिस्टॉर्शन सुरांच्या बेरजा-वजाबाक्या करून नवे सूर तयार करतं, त्यात ही चूक उघडी पडून गढूळ होते. षड्ज-पंचम घट्ट उभे राहतात. म्हणून गेन चढवला की गंधार गाळायचा. नवशिक्याला त्याचा फायदाच, दोन बोटांत कॉर्ड होते आणि तोच आकार मानेवर कुठेही सरकवता येतो.

जुनं_खोड

वा! हे कुणी असं सांगितलं नव्हतं. मग तार ताणण्याबद्दल मी सांगतो. धागाकर्ते 'रडवेली' म्हणतात ती तुमच्या माझ्या भाषेत मींडच. सतारीसारखंच इथेही तार ओढून सूर फक्त चढतो, दाबलेल्या पडद्याच्या खाली जात नाही. उतरती मींड हवी तर आधी मुक्यानेच ओढून ठेवायची, मग आघात, मग सोडायची. मुलं ओढतात पण कुठे पोचायचं ते ठरवत नाहीत. म्हणून ते गाणं न होता नुसतं ओढणं होतं.

पाचवी_तार

बाबा, अगदी. याचा रियाज असा. तिसरी तार, सातवा फ्रेट. आधी नववा फ्रेट वाजवा, तो सूर कानात धरा, तोंडाने म्हणा. मग सातव्यावर या आणि ओढून त्याच सुराला पोचा. ट्यूनर समोर ठेवा, पण ओढून झाल्यावर बघा, आधी नाही. ओढायला एक बोट नव्हे, तिसरं बोट तारेवर आणि दुसरं-पहिलं त्याच तारेवर मागे आधाराला. जोर बोटाचा नाही, मनगट वळवायचं, दार उघडताना मूठ फिरवतो तसं. तर्जनीचं बूड मानेच्या कडेला टेकलेलं.

आणि ओढताना चौथी तार हमखास खरडली जाते. आधाराच्या बोटांची टोकं तिला टेकलेली ठेवा म्हणजे ती गप्प बसेल. बघा, परत तिथेच आलो.

सुरुवातीच्या रियाजात मी कॉर्डच्या आधी हे गप्प ठेवणंच घेते. उजव्या तळव्याची कड ब्रिजवर, जाड तारांवर अलगद. डाव्या तर्जनीचं पोट बारीक तारांवर आडवं, न दाबता. मग एकच तार वाजवायची, पण पिक मात्र सहाही तारांवरून बेधडक फिरवायचा. ऐकू एकच सूर आला पाहिजे, बाकी 'खट्'. हे आधी गेन लावून करा, मग बंद करून. बहुतेक जण उलट करतात, स्वच्छ आवाजात सगळं छान वाटतं आणि गेन लावल्यावर पितळ उघडं.

मेट्रोनोम मिनिटाला ६० ठोक्यांवर. दर ठोक्याला एक सूर. कंटाळा आला की वेग वाढवू नका, गाणं बदला. एक सोपं गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत, चुका धरून, न थांबता. दहा गाण्यांचे नुसते मुखडे येणारे ढिगाने सापडतात. रोज वीस मिनिटं पुरेत, रविवारी तीन तास नकोत. बोटांना घट्टे पडायला दोन-चार आठवडे लागतात, ते थोड्या थोड्या रियाजानेच पडतात. टोकं दुखली तर चालेल. मनगट किंवा कोपर दुखलं तर तिथेच थांबा, पट्ट्याची लांबी बघा. बसून आणि उभं राहून गिटार एकाच उंचीवर राहिली पाहिजे.

टॅब (सहा रेघांवर फ्रेटचे आकडे लिहिलेली गिटारची लिपी) वाचताना एक : सर्वांत वरची रेघ म्हणजे सर्वांत बारीक तार. गिटार मांडीवर घेऊन खाली बघितलं तर जाड तार वर दिसते, म्हणून सगळ्यांचा आधी गोंधळ होतो.

वाचनमात्र

वाचनखूण साठवली.

उशिरा_सुचलेलं

गिटार आली! एचएसएस, पक्का ब्रिज, छोटा मॉडेलिंग ॲम्प. रंग सांगत नाही, हसाल. दोन शंका. एक, हात तारांवरून उचलला की घूं वाढते, टेकवला की कमी होते. बिघडलेली आहे का? दोन, सहाव्या तारेवर पहिल्या दोन-तीन फ्रेटवर झणझणते, वर सातव्या-आठव्यापासून स्वच्छ.

सोल्डर

पहिली शंका : बिघडलेली नाही. तारा ब्रिजमार्गे अर्थिंगला जोडलेल्या असतात. तुमचं शरीर आसपासच्या विजेचा आवाज गोळा करतं, तारेला हात लावला की तुम्हीही अर्थ होता आणि घूं ओसरते. हात लावल्यावर घूं वाढत असेल तर जोडणी उलटी आहे. आणि मुंग्या आल्या किंवा झटका बसला तर लगेच ॲम्प बंद. प्लगमधलं किंवा घरातलं अर्थिंग तपासून घेतल्याशिवाय पुन्हा लावू नका, यात चालढकल नको. ॲम्प कुठलाही असो, स्वतः उघडू नका. व्हॉल्व्हवाल्या ॲम्पमध्ये तर प्लग काढल्यावरही आत जीवघेणा विजेचा दाब साठून राहतो.

तारकासुर

दुसरी शंका : आधी बघा, झणझण ॲम्पमधून ऐकू येते की नुसती कानाला, ॲम्प बंद असताना. ॲम्पमध्ये येत नसेल तर थोडी चालवून घ्या, इलेक्ट्रिकमध्ये तेवढी असते.

ॲम्पमधून येत असेल तर पहिल्या काही फ्रेटवरच झणझण म्हणजे मान जरुरीपेक्षा सरळ. मानेला किंचित बाक हवा. सहावी तार पहिल्या फ्रेटवर आणि मान बॉडीला मिळते तिथे, अशी दोन्हीकडे दाबा. आता सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेट यांत पाव मिलिमीटरची फट दिसली पाहिजे. तार चिकटलेलीच असेल तर ट्रस रॉड (मानेच्या आतली, बाक ठरवणारी सळई) सैल करायचा, घड्याळाच्या उलट दिशेने, एका वेळी फेऱ्याचा आठवा भाग. मग परत ट्यून करा, जरा वेळ जाऊ द्या, परत मोजा. किल्ली अडली तर जोर लावू नका, माहीतगाराकडे न्या. झणझण वरच्या फ्रेटवर असती तर ब्रिजची उंची बघायला सांगितलं असतं, मोकळ्या तारेवरच असती तर नटची खाच. एकाच जागी असती तर पुढची एखादी फ्रेट उचललेली.

हे झालं की इंटोनेशन तपासा. बाराव्या फ्रेटवर नुसता स्पर्श करून निघणारा सूर आणि तीच तार तिथे दाबून निघणारा सूर, ट्यूनरवर दोन्ही एक हवेत. दाबलेला चढा असेल तर ब्रिजवरचं सॅडल (तार टेकते तो तुकडा) मागे, उतरा असेल तर पुढे. हे नव्या तारांवरच करा, जुन्या तारा खोटं बोलतात.

शंकासुर

रंग सांगा.

उशिरा_सुचलेलं

गुलाबी. सवलतीत तीच उरली होती. ट्रस रॉड फिरवला, झणझण गेली! इंटोनेशन रविवारी.

वाचनमात्र

माझाही प्रश्न इथेच विचारतो. पोरगी तेरा वर्षांची, डावखुरी. हा धागा वाचून तिलाही हवी आहे. डावखुऱ्यांची गिटार वेगळी घ्यायची की नेहमीचीच?

पाचवी_तार

तिला न सांगता हवेत गिटार वाजवायला लावा आणि बघा कुठला हात मानेवर जातो. दोन्ही हातांना काम सारखंच आहे, डावखुरे कित्येक जण नेहमीच्या गिटारवर उत्तम वाजवतात. डावखुऱ्या गिटारी कमी मिळतात, निवड तोकडी, कुणाचीही गिटार हातात घेऊन वाजवता येत नाही. म्हणून तिचा हात ठाम नसेल तर नेहमीची. पण पिक उजव्या हातात दिल्यावर ताल सतत निसटत असेल, आपसूक गिटार फिरवून धरत असेल, तर हट्ट नको, डावखुरीच घ्या.

तारकासुर

रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्स उजवी स्ट्रॅट उलटी धरून, तारा उलट्या क्रमाने लावून वाजवायचा. वर ज्या आयोमीचं लिहिलं तोही डावखुराच, तुटलेली बोटं उजव्या हाताची, म्हणजे नेमकी फ्रेटवरची. पण वाचनमात्र, पोरीला उजवी गिटार उलटी करून देऊ नका. नटच्या खाचा तारांच्या जाडीप्रमाणे कोरलेल्या असतात. उलट्या तारा लावल्या तर बारीक तार जाड खाचेत लोळते आणि जाड तार बारीक खाचेत बसतच नाही. वरच्या फ्रेटपर्यंत तर हातच नीट पोचत नाही, कारण हात जावा म्हणून बॉडीला कापलेली बाजू दुसरीकडे गेलेली असते.

वाचनमात्र

हवेत वाजवायला लावलं. डावा हात मानेवर, क्षणभरही विचार न करता. मग नेहमीचीच बघतो. गुलाबी मात्र नको म्हणते, काळीच पाहिजे.